दोरी टेकली का?

माझा नातू फटफटी घेऊन अंगणात शिरला की घरातली बाकीची माणसं त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मी मागच्या चाकाकडे. त्याला वाटतं, आजीला कमी दिसायला लागलंय म्हणून ती खाली बघत बसते. मला अगदी स्वच्छ दिसतं. फटफटीच्या मागे उभं राहून, जरा वाकून, एक डोळा मिटून पाहिलं की साखळी सरळ धावते की तिरकी, हे मी आजही सांगू शकते. ही विद्या मला कुणी हौसेनं शिकवली नाही. मी ती शिकले बोरीत, सासरी, निजामाच्या राज्यात, आणि तीही डोक्यावरचा पदर ढळू न देता. कारण एकच होतं. मला माहेरी जायचं होतं.

माझं माहेर देवगाव फाट्यापासून आत, काळ्या रानातलं लहानसं गाव. वडील मी लहान असतानाच गेले. भाऊ नाही, बहीण नाही. घरात आई एकटी, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला. बोरीहून बैलगाडीनं तिथं जायचं म्हणजे पहाटे निघायचं, वाटेत कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंग मोडून पोचायचं. बरं, बैल मोकळे कधी असणार? नांगरणी झाली की पेरणी, पेरणी झाली की कोळपणी, मग कापूस, मग ज्वारीची रास. माझी पाळी यायची ती दिवाळीला, बैलांना फुरसत मिळाली तर.

प्रत्येक भेटीत आईला मी आधीपेक्षा थोडी कमी दिसायचे. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला तिनं मला उंबऱ्यातच थांबवलं, दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "वाळलीस गं." मी मुळीच वाळले नव्हते. चांगली गुबगुबीत झाले होते. पण तिला डोळ्यांनी ते दिसलं नाही, हे कळलं आणि मला रडूही आलं आणि रागही आला. राग कुणावर काढणार? मी परसात जाऊन त्या बिचाऱ्या बैलांवर काढला. आईला मी दिसते आहे तोवर मला तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं होतं, पुन्हा पुन्हा. एवढंच माझं मागणं होतं.

त्याच साली आमच्या घरी फटफटी आली. माझे यजमान गुरांच्या दवाखान्यात होते. लोक त्यांना ढोरांचा डाक्टर म्हणत. खेड्याखेड्यांत जाऊन लस टोचायची, पोट फुगलेल्या म्हशी बऱ्या करायच्या, हे त्यांचं काम. रस्त्याच्या कामावर आलेल्या एका साहेबाची गाय त्यांनी मरता मरता वाचवली. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं आपली जुनी फटफटी जवळपास बक्षीस दिल्यासारखी यांच्या गळ्यात घातली. गळ्यात घातली म्हणजे तिच्या सगळ्या खोडींसकट.

पण मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. काळी, लांबट, पेट्रोलच्या टाकीवर सोनेरी रेघ. सुरू झाली की कोंबड्या छपरावर जायच्या. मी मागच्या बैठकीवर एका बाजूला पाय सोडून बसायचे, पदर कमरेला खोचून, आणि मनातल्या मनात हिशेब करायचे की सकाळी भाकरी उरकून निघालं तर दुपारच्या आत आईच्या दारात, आणि दिवे लागायच्या आत परत. बैलांची मिनतवारी नको, मुक्काम नको. यांनी कबूलही केलं होतं, "एकदा गाडी वळणावर आली की दर महिन्याला नेतो."

गाडी काही वळणावर येईना. तिची साखळी पडायची. मागच्या चाकाला डाव्या अंगाला दातेरी चकरी, पुढे इंजिनाकडे तशीच लहान चकरी, आणि दोन्हींवरून फिरणारी साखळी. आधी कट् कट् असा आवाज यायचा, मग साखळी चकरीवरून उतरायची. इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. हे मग खाली बसून साखळी परत चढवायचे आणि कोपरापर्यंत काळे होऊन उठायचे. घरात शिरले की आधी त्यांचे हात दिसायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, राख आणि चिंच घेऊन तयारच असायच्या.

एकदा ऐन बाजाराच्या दिवशी, भरल्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगाऱ्यांच्या मधोमध साखळी पडली. मी मागे बसलेली. सगळा बाजार जमला. कुणीतरी ओरडलं, "डाक्टरसाब, हिलाबी लस टोचा की!" लोक पोट धरून हसले. मला तर त्या माणसाच्या अंगावर मिरच्यांचं टोपलं उलटं करावंसं वाटलं. हे मात्र हसत होते. त्यांचा स्वभावच तसा, दूध उतू गेलं तरी शांतपणे बघत राहणारा.

ही वार्ता आमच्या आधी घरी पोचली. माझे सासरे गावात मानाचे शेतकरी, बोलणं थोडं आणि एकदा बोलले की संपलं. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. आमच्याकडे सुनेनं सासऱ्याशी बोलायचंच नाही. काही हवं असेल तर सासूला सांगायचं, सासू नसेल तर भिंतीला सांगायचं, त्यांनी ऐकायचं. तेही माझ्याशी थेट बोलत नसत. त्या रात्री जेवताना ते आत्याबाईंना म्हणाले, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत येईल असा.

"पोराला सांग. नरसिंहाच्या जयंतीला दोघं पोखर्णीला जायलेत नव्हं? जाऊ दे त्या धुडावर. सांजच्याला आल्यावर म्या त्याचे हात बघणार. काळे दिसले तर जिंतूरचा वकील मागायलाच हाय, त्याला दिऊन टाकू. सून काय अशी रस्त्यावर उभी करायची असती का?"

पोखर्णीचा नरसिंह आमचं कुलदैवत. बोरीहून परभणी आणि परभणीहून पुढे, जाऊन-येऊन मोठाच पल्ला. तेवढ्यात साखळी पडणार नाही असं कुणीही शपथेवर सांगितलं नसतं. मी चुलीपुढे बसून ऐकत होते. माझ्या डोळ्यांपुढे वकील फटफटीवर बसून जिंतूरकडे चालला होता आणि मी बैलगाडीत बसून दिवाळीची वाट बघत होते.

दुसऱ्याच संध्याकाळी मी यांना धरलं. म्हटलं, साखळी का पडते ते मला समजावून सांगा. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून गंभीर झाले. कडुनिंबाखाली गाडी स्टँडवर घेतली आणि मला मागे उभं केलं.

चकरीचे दात त्यांनी दाखवले. सगळे दात एकाच बाजूनं घासून चकचकीत झालेले, दुसऱ्या बाजूनं काळेच. म्हणजे साखळी दातांच्या मधोमध बसत नव्हती, एका अंगाला रेटून चालत होती. मागच्या चाकाचा आस दोन्ही टोकांना एकेका खाचेत बसलेला असतो, आणि दोन्हीकडे एकेक पेच असतो. पेच फिरवला की आसाचं ते टोक मागं सरकतं. दोन्ही पेच सारखे फिरले तर चाक सरळ. एकच जास्त फिरला तर आस तिरपा, चाक तिरपं आणि साखळीही तिरपी. मग ती किती वेळ दातांवर टिकणार?

"तुम्ही पाना फिरवा," मी म्हटलं, "मी मागून बघते."

माझी नजर त्या कामाची होती. ठिपक्यांची रांगोळी मी एकदाही दोरा न धरता सरळ काढत असे. मी वाकून, एक डोळा मिटून बघायचे आणि सांगायचे, डावं जरा मागं, आता उजवं, थांबा, झालं. मग साखळी मधोमध बोटानं वर-खाली करून बघायची. फार ताणली तरी वाईट, लोंबली तरी वाईट, बोटभर हलली पाहिजे. मग दोन्हीकडचे नट आवळायचे आणि पुन्हा एकदा मागून बघायचं, कारण आवळताना आस चोरून सरकतो. अंधार पडायच्या आत काम झालं. चाक फिरवलं तर साखळी अशी निमूट धावली की मला तिला मीठमोहरी ओवाळावीशी वाटली.

सकाळी हे लस टोचायला निघाले आणि गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंतही पोचले नाहीत. काळे हात घेऊन परत आले.

मी म्हटलं, "तुम्ही नट नीट आवळले नसतील."

ते म्हणाले, "तू नीट बघितलं नसशील."

झालं! त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. पण संध्याकाळी पुन्हा दोघं निंबाखाली. पुन्हा सरळ केलं, पुन्हा आवळलं, मी तर नटांवर खडूनं खूण करून ठेवली. सकाळी साखळी पुन्हा पडली. मी जाऊन बघितलं तर उजवीकडची खडूची खूण फिरलेली, डावीकडची जागच्या जागी. नट काही रात्री आपोआप फिरायला जात नाही. घरात कुणीतरी माझ्या माहेरच्या वाटेवर पाना चालवत होतं. मी दात-ओठ खात ठरवलं, त्याला सोडायचं नाही.

पहाटे मी नेहमीपेक्षा लवकर उठले. सडा टाकायला शेणाचं पाणी कालवत दाराआड उभी राहिले. जरा उजाडलं तसे गोठ्यातून सासरे आले. हातात यांचा पाना. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, फटफटीच्या उजव्या बाजूला उकिडवे बसले, नट सैल केला, पेच फिरवला, नट आवळला आणि उठताना गाडीच्या बैठकीवर दोनदा थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं.

तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या. "कामून त्या यंत्राच्या नादी लागायलाव सकाळी सकाळी?"

"अगं, गप. पोरगं शिकलंय, पर त्याला गाडीतलं काय कळतंय?" सासरे हळू आवाजात म्हणाले. "साखळी कुठं हाय बघ. डाव्या अंगाला. सून कुठल्या अंगाला पाय सोडून बसती? डाव्याच. समदा भार एकाच बैलावर आला की नाही? आपण काय करतो? थकल्या बैलाकडं जू जास्ती सरकवून देतो. तसा डाव्या अंगाचा भार कमी व्हावा म्हून म्या उजव्या अंगाला जरा जास्ती वढून ठेवायलोय. न्हाईतर गाडी डावीकडं कलंल आन् लेकीला रस्त्यावर पाडंल. पोराला सांगू नको, त्याला वाईट वाटंल."

आता मी काय करावं? ज्या माणसावर मी दोन दिवस दात-ओठ खात होते, तो मी पडू नये म्हणून पहाटे उठत होता. आमच्या गोठ्यात एक पांढरा म्हातारा बैल होता आणि एक तरणा तांबडा. सासरे जू कायम पांढऱ्याकडे जास्त सरकवून ठेवायचे, म्हणजे त्याच्या मानेवर ओझं कमी. त्या हिशेबानं ते पांढऱ्याला इतकी वर्षं सांभाळत आले होते. तोच हिशेब त्यांनी फटफटीला लावला होता, आणि बैलांना जे मानवतं ते फटफटीला मुळीच मानवत नव्हतं.

मी यांना सांगितलं. हे डोकं धरून बसले. वडिलांना ते दादा म्हणत. "दादांना कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, आता तू मला जू बांधायला शिकवणार का?"

आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, "म्या? चाळीस वर्षांत म्या त्यांस्नी मीठ कमी पडलंय एवढंच सांगितलं, तेबी भीतभीत."

यांनी पाना लपवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सासरे लोहाराकडून दुसरा घेऊन आले. मग आमचं असं सुरू झालं की संध्याकाळी आम्ही दोघं चाक सरळ करायचं आणि पहाटे त्यांनी मायेनं वाकडं करायचं. सासरे सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि कुणी कुणाला काही बोलत नाही. मला तर कधी कधी हसूच आवरेना. पण जयंती जवळ येत चालली तसं हसू कमी झालं. त्या दिवशी उजाडताच निघायचं होतं, म्हणजे त्यांचा पाना फिरल्यावर लगेच. वाटेत थांबून पाना चालवावा तर हात काळे होणारच. आणि त्यांच्यासमोर यांनी पुन्हा पाना हातात घेतला असता का? यांना मी ओळखत होते. हे साखळी पडू देतील, फटफटी देऊन टाकतील, पण वडिलांच्या हातावर हात ठेवणार नाहीत.

मला वाट सापडली ती गोठ्यात. त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी गोठ्याच्या मेढी, म्हणजे छपराचे खांब, नव्यानं रोवल्या होत्या. गडी नजरेनं मेढ रोवायला लागला तर त्यांनी त्याला झापलं होतं, "नजरेवर रोवशील तर छप्पर वाकडं व्हईल. दोरी लाव." अंबाडीच्या सुतळीची ती गुंडाळी अजून गोठ्यातच खुंटीला होती. पेरणीतही त्यांचं तसंच. त्यांचं तास, म्हणजे पेरणीची रेघ, सरळ असायचं म्हणजे असायचंच. दुसऱ्याच्या रानात तास वाकडं दिसलं तर त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांच्याशी बोलायची मला परवानगी नव्हती, पण त्यांच्याच दोरीला बोलायला कुणाची मनाई होती?

जयंतीच्या पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. वासरांच्या दोन खुंट्या उपटून आणल्या आणि फटफटीच्या पुढे, चाकाच्या दोन बाजूंना रोवल्या. सुतळी मागच्या चाकाला पाठीमागून वेढा घालून दोन्ही अंगांनी पुढे आणली, पुढच्या चाकाच्या दोन्ही कडांना लावून खुंट्यांना ताणून बांधली. आदल्या संध्याकाळी आम्ही चाक सरळ केलेलंच होतं. दोरी दोन्ही बाजूंनी, मागे आणि पुढे, टायरांना अशी टेकली की मधून मुंगीसुद्धा गेली नसती. मग मी स्वयंपाकघरात जाऊन खिडकीशी बसले. भाकरी थापायचं निमित्त होतं, पण पिठात पाणी किती पडलं ते मला कळलं नाही.

सासरे आले. दोरी बघून थबकले. दोरीवरून बोट फिरवलं, खुंट्यांकडे बघितलं. मला वाटलं, समजलं. कसलं काय! ते नेहमीसारखे उजवीकडे बसले, नट सैल केला आणि पेच फिरवला. मी कपाळाला हात लावला, तो पिठाचा.

पण मग ते उठलेच नाहीत. उजवीकडे टायर दोरीला ढोसायला लागलं होतं. ते वाकून डावीकडे आले. तिथं टायर दोरीपासून सुटलं होतं, बोटभर फट पडली होती. त्यांनी फटीत बोट घालून बघितलं. मग मागे जाऊन जमिनीवर बसले आणि एक डोळा मिटून, दोरीच्या रेषेनं पुढच्या चाकाकडे बघत राहिले. पेरणीला बघायचे अगदी तसेच. मग पुन्हा उजवीकडे आले, पेच उलटा फिरवला, थोडा, आणखी थोडा, आणि प्रत्येक वेळी डावीकडे जाऊन बोट घालून बघितलं. बोट जाईना तेव्हा नट आवळला. आवळल्यावर पुन्हा एकदा बघितलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गोठ्यातून पांढरा बैल मान काढून बघत होता. सासरे त्याला म्हणाले, "म्हाताऱ्या, आपलं तास वाकडं गेलं व्हतं रं."

मग त्यांनी पाना बैठकीवर ठेवला, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि रानाकडे निघून गेले. मी पटकन खाली बसले. त्या दिवशीची पहिली भाकरी मी अशी जाळली की ती कोंबड्यांनीही खाल्ली नाही.

पोखर्णीचा रस्ता म्हणजे वैशाखाचं ऊन, पांढरी धूळ आणि दर गावाला मागे लागणारी कुत्री. बोलायचं सोडून मी नुसती साखळीचा आवाज ऐकत होते. निघाल्यापासून एकसारखी सरसर. परभणी मागे पडलं आणि मी जरा सैल बसले, तोच कट् कट् सुरू झालं. यांनी गाडी थांबवली. साखळी जागेवरच होती, पण बाभळीची एक काटकी तिच्या कड्यात अडकून चकरीला घासत होती. हे हात घालणार एवढ्यात मी ओरडले, "हात लावू नका!" हात काळा झाला तर संध्याकाळी कोण ऐकून घेणार होतं की नुसती काटकीच होती? मी अंबाड्यातला आकडा काढला आणि त्यानं ती काटकी टोकरून काढली. माझा अंबाडा सुटला, आकडा काळा झाला, पण यांचे हात गोऱ्या साहेबासारखे स्वच्छ. हे एवढे हसले की रस्त्यानं जाणारा गाडीवानही हसायला लागला, काय झालं ते न कळताच.

नरसिंहापुढे मी हात जोडले आणि खरं सांगते, मागायचं होतं आईच्या डोळ्यांसाठी, पण तोंडातून निघालं, देवा, परतीला काटकी नको.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सासरे ओसरीवर बसलेले. हे पुढे झाले आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही तळहात पसरून उभे राहिले. सासऱ्यांनी हात उलटेपालटे करून बघितले. गुलालाशिवाय काही नव्हतं. मग ते आत्याबाईंना म्हणाले, "तिचेबी बघ."

मी हात मागे घेतला. उजव्या हाताच्या बोटावर आकड्याचा काळा डाग तसाच होता. आत्याबाईंनी माझा हात हातात घेतला, डाग बघितला, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या पदरानं तो खसकन पुसून टाकत मोठ्यानं म्हणाल्या, "साफ हाय! आरशासारखा!" सासऱ्यांनी मान हलवली. मिशीत हसले की काय, मला पदराआडून नीट दिसलं नाही.

वकिलाला निरोप गेला की फटफटी विकायची नाही. आणि पुढच्या आठवड्यात माझं माहेरी जायचं ठरलं.

त्या सकाळी मी अंगणात आले तर दोरी आधीच लावलेली. सासरे मागच्या चाकापाशी उकिडवे, हातात पाना. पुढच्या खुंटीपाशी मात्र कुणी नव्हतं. आत्याबाई देवळात गेलेल्या, हे आत अंघोळीला. मी दारातच उभी राहिले. त्यांनी पेच जरासा फिरवला, मान वर न करता दोरीकडे बघत विचारलं, "पुढं टेकली का?"

तिथं भिंतीला बोलून भागणार नव्हतं. मी पुढे गेले, वाकले, दोरी आणि टायर यांच्यामध्ये बोट घालून बघितलं. मग पदर सावरून, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, मी त्यांच्याशी बोलले.

"टेकली, मामा."

त्यांनी नट आवळला. हात झाडत उठले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मंग जा. पर हे फिकं लुगडं नेसून जाऊ नगस. विहीणबाईला दिसंल असं भडक काहीतरी नेस."

मी आत पळाले. ट्रंकेच्या तळाशी लग्नातलं लुगडं होतं, ते काढलं. घड्या मोडताना डोळ्यांतलं पाणी त्याच्यावर सांडलं, पण सुकायला वेळ कुठे होता, हे बाहेर गाडी सुरू करून उभे.

देवगाव फाट्यापर्यंत साखळीनं कुरकुर केली नाही, फाट्यावरून आत कच्च्या रस्त्यावरही नाही. फटफटीचा आवाज ऐकून सगळं गाव दारात आलं होतं. आई उंबऱ्यात उभी होती, कपाळावर हात आडवा धरून. मी गाडीवरून उतरले आणि अंगणातच थांबले. तिनं चेहरा चाचपायला हात पुढे केले नाहीत. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचं तोंड हळूहळू हसायला लागलं.

"हिरवं नेसलीस का गं?" ती म्हणाली.

हिरवंच होतं.